दहा सह्यांचा नळ

कार्तिकातला सोमवार, साल एकोणीसशे छत्तीस. वेळ सकाळची, न्याहारी उरकल्यानंतरची. जागा आमच्या घराचं मागचं अंगण.

हजर: माझे सासरे, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. माझे यजमान. धाकटे दीर, पण ते आत मागावर. माझी धाकटी जाऊ, पाटावर बसलेली, कारण तिला उभं राहू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. कोपऱ्यावरच्या घरातली आज्जी. शिवाय दहा घरांतल्या बायका, कुणी लेकरू काखेत घेऊन, कुणी सुताच्या कांड्या भरायचा रहाट तसाच टाकून आलेल्या. गैरहजर: दोन घरं. त्यांची कारणं वहीत आहेत, इथे सांगण्याजोगी नाहीत.

समोर दोन चुली पेटलेल्या. दोन्हींवर सारख्या आकाराची पितळी पातेली, दोन्हींत एकाच पोत्यातली तुरीची डाळ, एकाच मापट्यानं मोजून घातलेली. लाकडंसुद्धा मी जोखून ठेवली होती. एका पातेल्यात आमच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात पेठेतल्या सार्वजनिक नळाचं. गल्लीत घड्याळ कुणाकडेच नव्हतं, म्हणून वेळ मोजायचं काम दिरांच्या मागाकडे दिलं होतं. आम्हा विणकरांत वेळ अशीच मोजतात, विणून झालेल्या कापडाच्या वितीनं. ‘वीतभर होईपर्यंत भाकऱ्या टाकते’ असं सून म्हणाली की सासूला नेमकं कळतं. दिरांनी काठाला दोऱ्याची गाठ मारून खूण केली आणि आतूनच ओरडले, “वहिनी, घाला डाळ! मी धोटा टाकला!”

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते.

आमचं गाव निपाणीकडच्या रस्त्याला. तंबाखूच्या गाड्या आमच्या वेशीवरून जातात. गावाला म्युनिसिपालटी आहे आणि त्या वर्षी तिनं पेठेत लोखंडी नळ्या पुरून पाणी आणलं होतं. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी घरात नळ घेतले. आमच्या विणकर गल्लीत मात्र एकही नाही. गल्ली चढावर, चौदा घरांची. विहीर चढाच्या तळाशी, बाजाररस्त्याच्या तिठ्यावर. तिला एकवीस पायऱ्या, त्यांतल्या चार निसटत्या. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन तो चढ चढायचा. साध्या दिवशी आमच्या घराला बारा घागरी लागत. ताण्याला खळ लावायची पाजणी असली की वीस. सूत रंगवायच्या दिवशी चाळीस. हे आकडे माझ्या वहीतले आहेत. मराठी चौथी झालेली सून घरात आली की वही येतेच, असं सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या.

तर जाऊ. तिचं पोट दोनदा रिकामं झालं होतं. दोन्ही वेळा पाण्याच्या खेपांच्या दिवसांत, आणि दुसऱ्या वेळी तर त्या निसटत्या पायरीवरच. आता तिसऱ्यांदा तिला चौथा महिना होता. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ह्या खेपेला घागर नाही, पायऱ्या नाहीत. समजलं?” मला समजलं. तीन आठवडे तिच्या वाट्याचं पाणी मीच आणलं. पण रंगाच्या दिवशी चाळीस घागरी एका बाईनं आणायच्या म्हणजे पहाटे सुरू करून माध्यान्हीला पाठ राहत नाही. आणि जाऊ गुणाची, तिला बसून खाणं जमायचं नाही. एके दिवशी मी वर घागर रिकामी करून परत आले, तर ही बाई कळशी घेऊन सातव्या पायरीवर.

“आक्का, कळशी म्हणजे घागर न्हाय,” ती म्हणाली.

“आणि पायरी म्हणजे काय, गादी हाय?” मी म्हटलं. कळशी तिच्या हातातून घेतली.

दिरांनी एकदा प्रयत्न केला. बायकोची घागर खांद्यावर घेऊन चढ चढले. पुरुषानं घागर उचललेली गल्लीनं पाहिली नव्हती. ओट्यावरून एक म्हणाला, “रंगीत लुगडंबी नेस की रं, तू इणलेलंच हाय!” दुसरा म्हणाला, “आणि हळद-कुंकवाला ये आमच्याकडं!” दीर लालबुंद होऊन घरात शिरले आणि पुन्हा घागरीला शिवले नाहीत.

त्याच आठवड्यात म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर गल्लीच्या तोंडाशी दोरी धरून मोजमाप करताना मला दिसले. मी पदर सावरून सरळ विचारलं, गल्लीत नळ कधी? धारवाडकडचे गृहस्थ, चांगले होते. म्हणाले, “बाई, तुमची गल्ली चढाची. दहा घरांचे अर्ज आले तर नळी आत वळवतो. महिनाअखेरपर्यंत. नाही तर नळ्या पुढच्या पेठेत जातील. मग पुन्हा कधी, मला विचारू नका.”

दहा अर्ज. चौदा घरं. महिनाअखेरीला एकोणीस दिवस. मी घरी आले ती जवळजवळ पळतच. नळी पुरायला दोन महिने धरले तरी माघात पाणी दारात, आणि जाऊचे दिवस भरणार चैत्रात. जमत होतं! मी वहीचं नवं पान काढलं, चौदा घरं एकाखाली एक लिहिली आणि त्याच दुपारी फिरायला सुरुवात केली.

घरोघरी काय ऐकलं, ते मी तिसऱ्या रकान्यात लिहीत गेले. पहिलं घर: पाणीपट्टी बसेल, आणि एकदा बसलेली पट्टी उठत नाही. दुसरं: घर भाड्याचं, सही मालकाची लागते, मालक बेळगावला. तिसरं: तुम्ही घ्या आधी, आम्ही तुमच्या नळावर भरू. चौथंही तेच, फक्त जास्त गोड शब्दांत. पाचवं: लोखंडातून आलेलं पाणी पोटात गंजतं. सहावं: नळाला पाणी सकाळी दोन तास, विहीर चोवीस तास. ह्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी त्याच्यापुढे ‘हौद बांधावा’ असं लिहिलं.

सातव्या घरात नवी सून होती, बोरगावची. सोळा-सतरा वर्षांची. मला वाटलं, ही तरी उडी मारेल. तर ती खाली बघत म्हणाली, “आक्का, नळ नको.”

“का गं?”

“बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या बायका विहिरीवर पाणी प्यायला थांबतात. आईचं सगळं तितंच कळतंय मला. नळ आला की सासूबाई खाली कशाला सोडतील?”

चौदा घरांत हा एकच मुद्दा असा होता, की ज्याच्यापुढे मला काही लिहिता आलं नाही. तो रकाना आजही कोरा आहे. तिच्या सासऱ्यांनी पुढं सही केली, तिला न विचारता.

आणि कोपऱ्यावरची आज्जी. तिचं घर महत्त्वाचं, कारण नळी तिच्या भिंतीलगत वळणार, आणि घर तिच्या स्वतःच्या नावावर. दोन मुलगे, दोन्ही तयार, पण आज्जीचा अंगठा नाही तर काही नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते.

“चामड्यातनं आलेलं पाणी मी देवाला घालू व्हय?” ती कडाडली.

“आज्जी, मळ्यातली मोट कशाची असते?”

“मोटंचं पाणी वांग्याला जातंय, माझ्या तोंडात न्हाय.”

“आणि वांगं कुठं जातंय?”

“चौथी शिकलेल्या बाईशी बोलू नये, डोकं उठतंय,” आज्जी म्हणाली आणि आत गेली.

सहा दिवसांत माझ्याकडे सह्या किती? तीन. त्यांतली एकही आमची नाही, कारण आप्पांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

बोलून हे होणार नाही, हे मला कळलं. आमची माणसं हाताला लागल्याशिवाय मानत नाहीत. सूत घेतानाही आधी चिमटीत चोळून बघतात. आणि डाळीचं दुखणं गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. तुरीची डाळ त्यात दिवसभर उकळली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. नवऱ्यांची बोलणी, सासूचे टोमणे, अर्धी लाकडं त्या डाळीपायी जळतात. पेठेत माझी एक ओळखीची बाई आहे, ती म्हणाली होती की नळाचं पाणी आल्यापासून तिची डाळ पाहुणा हात धुवून येईपर्यंत शिजते. मी तिचा शब्द धरला, आणि गल्लीला सोमवारी सकाळी आमच्या अंगणात बोलावलं.

आता पुन्हा त्या दोन चुलींकडे येते.

पहिली अर्धी वीत काहीच झालं नाही. बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, “दोन्ही सारख्याच उकळाय लागल्यात की.” आतून धोट्याचा आवाज येत होता, ठाक-ठुक, ठाक-ठुक, आणि दीर मधूनच ओरडत होते, “चार बोटं झाली! सहा बोटं झाली!”

“एक वीत!” ते ओरडले.

मी नळाच्या पातेल्यातून पळीभर डाळ काढली आणि पळीच्या पाठीनं दाबली. ती बसली! एकदम लोण्यासारखी. बायका उठून पुढे आल्या, एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या. मी विहिरीच्या पातेल्यातली पळी काढली. दाणे ताठ, एक उडून माझ्या पायावर पडला. सगळ्या हसल्या. आम्ही ते पातेलं तसंच ठेवलं. दुसरी वीत झाली, तिसरी वीत झाली, लाकडं संपली, तरी दाणे दाणेच.

आज्जी आली. चामड्याचं पाणी म्हणून तोंडात घालायची नव्हती, पण तिनं दोन बोटांत डाळ धरून चुरगळली. तिच्या तोंडात एकही दात नाही. घरी तिला रोज डाळीचं वरचं पाणीच प्यावं लागायचं. ती बोटं बघत राहिली.

“ही डाळ न्हवं गं,” ती हळूच म्हणाली. “ही तर आईच्या हातची झाली.”

त्या दुपारी पाच सह्या आल्या. भाड्याच्या घरातल्या बाईनं बेळगावच्या मालकाला नवऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं. ‘आम्ही तुमच्या नळावर भरू’ म्हणणाऱ्या दोघीही आल्या, कारण डाळीसाठी लागणारं पाणी दुसऱ्याच्या दारातून आणायचं म्हणजे त्या घरात आपली डाळ कधी शिजली ते कळणार. आठ! मी वहीत आठवर दोन रेघा ओढल्या आणि जाऊला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आक्का, तुमी डाळ न्हाय शिजवली, गल्ली शिजवली.”

दहाला दोन कमी; बाकीची चार घरं हलणारी नव्हती, म्हणून राहिली दोनच. आमचं घर आणि आज्जीचं.

आप्पा डाळीवर हसले नव्हते. ते अंगणात शेवटपर्यंत उभे राहिले आणि मग म्हणाले, “डाळ झाली. आता सूत बघू.”

आप्पांचा तांबडा रंग बेळगावच्या पेठेत ओळखला जायचा. पुडी विलायती असली तरी हात त्यांचा, आणि त्यांच्या मते पाणी आमच्या विहिरीचं. बुधवारी त्यांनी दोन रांजण मांडले. एकाच पुडीतला रंग, एकाच मापाची तुरटी, सुताच्या एकाच गठ्ठ्यातल्या दोन लड्या. त्यांनी माझी पद्धत उचलली होती आणि मला ते आवडलं. नळाचं पाणी मी पेठेतून आणलं. लड्या बुडवल्या, काढल्या, पिळल्या, वाळत घातल्या. वाळल्यावर दोन्ही शेजारी धरल्या.

विहिरीची लडी पिकल्या डाळिंबासारखी. नळाची लडी विटेच्या भुकटीसारखी.

खोटं बोलायला जागाच नव्हती.

“बघ पोरी,” आप्पा म्हणाले. “तुझी डाळ खरी. माझा रंगबी खरा. पेठेतल्या मागच्या बोळात नळ आला आणि म्युनिसिपालटीनं हिवताप हुतोय म्हणून तिथला आड बुजवला. आपली विहीर बुजली तर लुगड्याचा हा तांबडा काठ गेला. मी सही करत न्हाय.”

ते खरं बोलत होते, आणि मला माहीत होतं की ते हट्टानं बोलत नाहीत. पण महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले होते आणि माझी जाऊ आत भिंतीला टेकून बसली होती. घरात पोटातल्या गोष्टी सासऱ्यांपुढे काढत नाहीत. बायकांनी बायकांशी बोलायच्या, पुरुषांना बारशाला कळायच्या. मी पदर कमरेला खोचला.

“आप्पा, मला बोलायचं हाय.”

“बोल की.”

मी वही उघडली. “साध्या दिवशी बारा घागरी. पाजणीला वीस. रंगाला चाळीस. हे पाणी आणायला घरात बायका दोन. त्यातली एक आता विहिरीवर जाणार न्हाय.”

“का न्हाय?”

माझ्या यजमानांनी खाली बघितलं. दिरांनी धोटा थांबवला.

“कारण तुमचं नातवंड तिच्या पोटात हाय. मागची दोन तिनं त्या पायऱ्यांवरच ठेवली. तिसरं मी ठेवू देणार न्हाय, मग काठ तांबडा होऊ दे न्हायतर पिवळा.”

एवढं बोलले आणि घाबरले. आप्पांनी दोन्ही लड्या दोरीवरून उतरवल्या, घडी केल्या, आत गेले.

सकाळी मी झाडलोट करत होते, तेव्हा माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आप्पा शिडीवर होते. त्यांनी खाली काढली ती चैत्रात देवाला पाणी घालायची कावड. आडवा बांबू, दोन्ही टोकांना शिंकी. त्यांनी शिंक्यांत दोन मोठ्या घागरी बसवल्या, कावड खांद्यावर घेतली आणि सरळ बाहेर पडले. वय त्यांचं साठीच्या पुढं.

गल्लीनं पाहिलं. ओट्यावरचा तोच एक ओरडला, “आप्पा, चैत्र आत्ताच लागला व्हय?”

“रंगाला लागला,” आप्पा म्हणाले. “देवाला चालतंय ते रंगाला चालत न्हाय व्हय?”

कावड ही पुरुषाचीच असते, तिला हसायचं कसं? दुसऱ्या खेपेला दीर कावड घेऊन गेले, तिसऱ्या खेपेला माझे यजमान. चाळीस घागरींचं काम सूर्य डोक्यावर यायच्या आत आटोपलं! इतकी वर्षं ती कावड माळ्यावर होती आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आप्पा घाम पुसत माझ्यापुढे बसले. “लिही अर्जात. नळ हवा. विहीर बुजवायची न्हाय. रंगाचं पाणी आमचे गडी आणतील.”

मी लिहिलं. छापील अर्जात तेवढ्याला जागा नव्हती, म्हणून समासात उभं लिहिलं, खाली आप्पांची सही. नऊ.

आज्जीसाठी मी आठवडाभर काही केलं नाही. फक्त रोज पेठेतल्या नळाच्या पाण्यात शिजवलेली डाळ एका वाटीत तिच्या सुनेकडे पाठवत राहिले. वाटी रोज धुऊन परत यायची. कुणी खाल्ली हे मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आधी मी नऊ अर्ज घेऊन उभी होते. ओव्हरसियरांनी मोजले, पुन्हा मोजले. “एक कमी, बाई.” मी म्हटलं, थांबा. का म्हटलं, मलाही ठाऊक नव्हतं. आणि दारातून काठीचा आवाज आला. आज्जी. मागं तिचे दोन्ही मुलगे, एकाच्या हातात छत्री, एकाच्या हातात तिच्या चपला, कारण कचेरीत देवळासारखंच अनवाणी जायचं असं तिचं मत होतं.

“कुठं लावायचा अंगठा?” तिनं विचारलं. मग माझ्याकडे वळून, “पिण्याचं आणि देवाचं पाणी विहिरीचंच. डाळीपुरता नळ. लिही तसं.”

मी समासात तेही लिहिलं. ओव्हरसियर हसले, दहा अर्ज एकत्र टाचले आणि म्हणाले, “आयतु, आयतु!” त्यांच्या कानडीत त्याचा अर्थ झालं, आटोपलं. मी तो शब्द घरापर्यंत मोठ्यानं म्हणत आले.

पौषात गल्ली खोदली. महिनाभर चिखल, उखडलेले ओटे, पोरांचा गोंधळ, पण कुणी कुरकुर केली नाही. माघाच्या दुसऱ्या आठवड्यात फिटरनं आमच्या अंगणात तोटी बसवली. पहिल्या दिवशी पाणी सोडणार म्हणून सगळी घरं घागरी मांडून बसली. फिटरनं तोटी फिरवली. पाणी नाही. नळानं शिट्टी वाजवली! मग तो खोकला, मग पुन्हा शिट्टी. कोपऱ्यावरून आज्जीचा आवाज आला, “आत कोन बसलंय बगा रं!” मग गढूळ तांबडं पाणी फसकन उडालं, आप्पांच्या धोतरावर. ते म्हणाले, “ह्यो रंग मात्र बरा हाय.” आणि मग ते निवळलं. स्वच्छ, गार, जाड धार, घागरीच्या तळावर आपटून वाजणारी.

जाऊचा सातवा महिना. ती पाटावर बसली होती, हात पुढे करून. मी तिचे हात धारेखाली धरले. ती इतकी हसली की रडायला लागली. त्या दिवशी तिनं बसल्या जागेवर सोळा घागरी भरल्या, गरज नसताना. मी थांबवलं नाही.

चैत्रात मुलगी झाली. दवाखान्याच्या बाईंनी तिला उलटी धरली आणि ती अशी ओरडली की बाहेर आप्पांनी हात जोडले. मी वहीत एकच शब्द लिहिला, ‘सुखरूप’, आणि त्याच्याखाली तीन रेघा ओढल्या.

आता चूक सांगते. ती माझी.

माझ्या यादीत सतरा कलमं होती. अर्ज, सह्या, हौद, तोटी, घागरी ठेवायचा कट्टा. पाणी घरात कसं येईल ह्याचा मी सगळा विचार केला होता. ते घरातून जाईल कसं, हे कलम त्यात नव्हतं. बारा घागरी होत्या तोवर सांडपाणी परसातल्या केळीला पुरायचं. आता धार फुकट, म्हणून गल्लीभर धुणी, न्हाणी, अंगणं धुणं. आम्ही विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात खाली पायानं दाबायच्या पावड्या. वैशाखात एके सकाळी दीर मागावर बसले आणि ओरडले. खड्ड्यात घोट्यापर्यंत पाणी. पावड्या फुगलेल्या, ताणा ओलसर. दुपारपर्यंत चार घरांतून तीच बातमी आली.

मी धावत आत गेले. जाऊ खड्ड्याच्या काठावर बसली होती, दीड महिन्याची लेक मांडीवर, एका हातानं तांब्यानं पाणी उपसून बादलीत ओतत. बादली भरली तशी ती उचलायला वाकली.

“ठेव!” मी ओरडले. “तुझं पाणी आत आणायचं थांबवलं ते बाहेर नेण्यासाठी न्हाय.”

“मग कोण नेणार आक्का?” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं.

त्या दिवशी बादली मी नेली, आणि संध्याकाळी वहीचं नवं पान काढलं. गल्लीच्या चढावरून तळाच्या ओढ्यापर्यंत दगडी गटार. चौदा घरांच्या दारांपुढून.

आज मी हे लिहितेय तेव्हा त्या मुलीची दुसरीची परीक्षा आहे. ती नळाच्या पाण्यावर वाढली, आप्पांचा तांबडा काठ अजून पेठेत विकला जातो, कावडीचा बांबू दोनदा बदलला. गटार नवव्या घरापर्यंत आलं आहे. पुढचं काम अडलंय ते तळाच्या घराच्या सहीसाठी. ते म्हणतात, तेरा घरांचं पाणी आमच्याच दारावरून का? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. म्हणून त्यांच्यापुढचं गटार फरशीनं झाकून द्यायचं असं मी आणि जावेनं ठरवलंय. फरशी मोजून झाली, ओढ्याच्या कडेला रचून ठेवली. सहा वेळा जाऊन आलो. सही अजून मिळालेली नाही, आणि खाली उरलेल्या पाच घरांतले माग अजून ओले आहेत.